जुन्या मोटारसायकलचं इंजिन नीट चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल आहेत. बहुतेक सिंगल सिलिंडर, किकवर सुरू होणाऱ्या, काही पॉइंटच्या (उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणाऱ्या) तर काही सीडीआयच्या (तेच काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते अशा). पुढे जे पुन्हा पुन्हा येणार आहे ते आधीच सांगून ठेवतो: कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावा.

गाडी नीट चालत नाही, पण नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

पाना हातात घेण्याआधी कागद घ्या. त्रास थंड इंजिनाला होतो की तापल्यावर? स्लोला (रेस न देता) बंद पडते, मधल्या रेसला मिसिंग करते (मधेमधे पेट चुकून धक्के देते), की फुल रेसला दम टाकते? ओल्या हवेत वाढतो का? हळूहळू वाढत गेला की एका दिवसात सुरू झाला? आणि त्याच्या आदल्या दिवशी गाडीचं काही काम केलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तेच काम आधी उघडून बघा.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: बेताचं पेट्रोल-हवेचं मिश्रण, पुरेसं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि वेळेवर पडणारी ठिणगी. तपासताना मी आधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) आणि कॉम्प्रेशन बघतो, मग प्लग, पॉइंट, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मग हवेची गळती आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. या क्रमाला कारण आहे. टॅपेट घट्ट असताना कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून तुम्ही स्लो कसाबसा बसवलात, तर ती सेटिंग बिघडलेल्या इंजिनासाठी केलेली असते. पुढे टॅपेट नीट केले की कार्बोरेटर चुकीचा ठरतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. प्लग, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी) आणि टायमिंग एकाच दुपारी बदलले तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कधीच कळणार नाही.

किक मारून पाय दुखला, गाडी सुरूच होत नाही. आधी काय बघू?

पेट्रोल कॉक आणि किल स्विच. मग दहा-बारा किका मारून प्लग काढा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही.

कोरडा असेल तर कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलचा (पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. कॉक उघडा ठेवा. धार सलग पडली पाहिजे. थेंबथेंब पडत असेल तर कॉकची जाळी तुंबलीय किंवा फ्लोटची नीडल अडकलीय. बाटली उजेडात धरून तळ बघा. पेट्रोलखाली पाण्याचे गोळे वेगळे दिसतात आणि बाटली हलवली की पाऱ्यासारखे पळतात. ते दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही.

ओला असेल तर तो पुसून, कॅपमध्ये बसवून, त्याची धातूची बाजू हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. हे प्लगच्या भोकापासून लांब करा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. सीडीआयच्या गाडीत प्लग न टेकवता किक मारू नका, कॉइल आणि सीडीआय दोन्हींवर ताण येतो.

ठिणगी दिसतेय. म्हणजे इग्निशन ठीक आहे, बरोबर?

नाही, आणि इथेच खूप लोक फसतात. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर पिवळसर, बारीक, आवाज न करणारी ठिणगी दिसत असेल तर आत ती पडेलच असं नाही. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि तिचा चटचट आवाज ऐकू येतो.

माझ्या एका गाडीने मला यावरून बरेच आठवडे छळलं. थंड असताना छान चालायची, चढावर रेस दिली की धक्के द्यायची. मी कार्बोरेटर तीनदा उतरवला, जेट धुतले, नीडलची क्लिप वरखाली केली. फरक शून्य. शेवटी प्लगची कॅप पिळून वायरवरून काढली, तर आत तांब्याच्या तारेच्या टोकाला हिरवा गंज धरलेला आणि कॅपचा स्क्रू अर्ध्याच तारांना लागत होता. वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापलं, चमकदार तांबं दिसलं, कॅप पुन्हा पिळून घट्ट बसवली. गाडी त्याच चढावर न अडखळता गेली. तेव्हापासून मिसिंगची तक्रार आली की मी पहिल्यांदा कॅप काढून बघतो.

रात्री दिवे बंद करून इंजिन सुरू ठेवा आणि वायरकडे बघा. वायर फुटकी असेल तर तिच्यातून फ्रेमकडे निळा धागा उडताना दिसतो. हे मोकळ्या हवेत करा. बंद खोलीत इंजिन चालवणं जिवावर बेतू शकतं.

रेझिस्टन्स असलेली कॅप मल्टिमीटरवर साधारण ५ किलो-ओहम दाखवते. २० किंवा ३० दाखवत असेल तर फेकून द्या.

प्लगचा रंग बघून काय कळतं?

बरंच काही, पण वेळ चुकली तर प्लग खोटं बोलतो. गर्दीत स्लोवर थांबत थांबत आलात आणि प्लग काढलात तर तो काळाच दिसणार. एका ठरावीक रेसला काही मिनिटं सलग चालवा, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, गाडी घरंगळत बाजूला घ्या आणि थंड झाल्यावर प्लग काढा. तो त्या रेसची खरी हकिकत सांगेल.

फिकट तपकिरी किंवा करडा असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी, बोटाला लागणारी, मखमलीसारखी असेल तर पेट्रोल जास्त येतंय, नाहीतर ठिणगी कमजोर आहे किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला, चिकट, काळा असेल तर ऑइल जळतंय. पांढराफटक, टोकावर बारीक फोड आल्यासारखा असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा टायमिंग फार पुढे आहे. अशी गाडी जोरात चालवू नका, पिस्टनला भोक पडू शकतं.

गॅप गाडीच्या पुस्तकात दिलेला ठेवा. बहुतेक जुन्या गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर चालतो. प्लगची हीट रेंज (तो किती गरम राहतो ते) समजून न घेता बदलू नका: एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, चॅम्पियन आणि बॉशच्या प्लगवर बरोबर उलटं. कंपनी बदलताना ही गफलत नेहमी होते.

पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटमधल्या ठिणग्या दाबणारा छोटा भाग) कसे तपासायचे?

मॅग्नेट फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील तिथे थांबवा आणि फिलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापाने) गॅप मोजा. बहुतेक गाड्यांत तो ०.३ ते ०.४ मिलिमीटर असतो. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाला की मागे. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा चुकतं.

पॉइंटची तोंडं करडी, सपाट हवीत. एकावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल किंवा इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेलाय. नवे पॉइंट घासून-पुसून बसवा, त्यांवर गंज न लागण्यासाठी तेलाचा पातळ थर असतो. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसलं की झालं. तो थर राहिला तर नव्या पॉइंटवरही गाडी सुरू होत नाही आणि माणूस उगाच कॉइल बदलतो.

पंधरा-वीस मिनिटं छान चालते, मग बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. काय असेल?

तीन संशयित आहेत. बंद पडल्याक्षणी काय करता यावरून ते वेगळे ओळखता येतात, म्हणून ती वेळ वाया घालवू नका.

लगेच टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बंद आहे. पेट्रोल खाली जातं, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि धार थांबते. बारीक तारेने भोक मोकळं करा. हा दोष इतका साधा आहे की कुणी तिकडे बघतच नाही.

आवाज नाही आला तर ठिणगी बघा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर परत येते, तर कॉइल, कंडेन्सर किंवा सीडीआयच्या गाडीत पिकअप कॉइल. कॉइलची आतली तार गरम होऊन फुगते आणि तुटलेली जागा उघडते. थंड कॉइल मीटरवर ठीक दाखवते, म्हणून ती गरम असतानाच मोजली पाहिजे.

ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे, पण किक हलकी लागतेय? मग टॅपेट.

टॅपेट आवाज करत नाहीत, म्हणजे ठीकच ना?

उलट, मला आवाज न करणाऱ्या टॅपेटची जास्त भीती वाटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये आत घुसतो, गॅप कमी होतो आणि इंजिन आणखी शांत होतं. मालकाला वाटतं, वा! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसतो. गरम असताना सुरू होत नाही, स्लो ढासळतो आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळते, कारण उष्णता सीटमधून हेडला देण्याइतका वेळ त्याला मिळत नाही.

काम अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. मॅग्नेटवरची 'टी' ची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) केसवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक पूर्ण फेरा आणखी द्या, कारण फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो आणि आपल्याला कॉम्प्रेशनची वेळ हवी असते. अनेक लहान इंजिनांत गॅप ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. फिलर गेजचं पान किंचित अडकत, तेलकट कागद ओढल्यासारखं निघालं पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा मोजा. मोजून झाल्यावर दोन फेरे देऊन तिसऱ्यांदाही मोजा.

कॉम्प्रेशन गेज नाही. अंदाज कसा घेऊ?

प्लग काढून अंगठा भोकावर दाबा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा जोराने उडाला पाहिजे. यावरून 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळतं.

गेज मिळाला तर इंजिन गरम करा, रेस पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत पाच-सहा किका मारा. रेस उघडायला विसरलात तर आकडा खोटा कमी येतो. बऱ्याच लहान फोर-स्ट्रोक गाड्या ९ ते १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाखवतात. कमी आला तर चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं गॅस्केट. हेड उतरवण्याआधी एवढं कळणं फार मोलाचं असतं.

रेस सोडली तरी आवाज खाली यायला वेळ लागतो. स्लो कधी वर, कधी खाली.

केबल अडकत नाहीये ना ते आधी बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, आवाज बदलला तर केबल ओढली जातेय.

केबल ठीक असेल तर कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधून हवा गळतेय. तिथला रबर जुना झाला की त्याला बारीक चिरा पडतात, वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. इंजिन स्लोला ठेवून जोडावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे तापलेल्या सायलेन्सरजवळ वापरू नका. कार्बोरेटरचे नट जास्त आवळले तरी त्याची पट्टी वाकते आणि मधे फट राहते. सपाट काचेवर सँडपेपर ठेवून ती घासून सरळ करता येते.

आता कार्बोरेटर. कुठल्या जेटचा दोष आहे हे न खोलता कळेल का?

बऱ्यापैकी. रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टी लावा आणि बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा रेघा मारा. मग चालवून बघा त्रास कुठल्या रेघेवर होतो. इंजिनाचा वेग किंवा गाडीचा वेग बघायचा नाही, फक्त मूठ किती उघडी आहे ते बघायचं.

बंद ते पाव: स्लो जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण: नीडल आणि तिची क्लिप. पाऊण ते पूर्ण: मेन जेट. हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण दिशा मिळते.

त्याच रेघेवर चोक थोडा ओढून बघा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर आधीच जास्त आहे.

कार्बोरेटर धुतला, तरी स्लो धरत नाही आणि चोकशिवाय चालत नाही.

स्लो जेट साफ झालेला नाही. त्याचं भोक केसाएवढं असतं आणि बरेच महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरणारा लाखेसारखा थर आधी तिथेच धरतो. जेट काढून उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर काम राहिलंय. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि दाबाच्या हवेने फुंका. स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. विजेच्या मऊ वायरमधला एकच तांब्याचा धागा चालतो. जेटच्या मागे कार्बोरेटरच्या अंगातले मार्गही फुंकायला हवेत, नुसता जेट धुऊन भागत नाही.

स्लोच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवून फेरे मोजा आणि लिहून ठेवा. सुरुवातीला दीड फेरा बाहेर ठेवणं सहसा ठीक. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की पेट्रोल जास्त. ही बाजू न बघता केलेली सेटिंग उलटी होते.

इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो. चालवू का?

नको. फ्लोटची नीडल गळतेय आणि पेट्रोल इंजिनात उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि कॅम खाऊन टाकतं. नीडल, सीट आणि फ्लोट बघा (पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय), मग ऑइल बदला. गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय लावा.

धुरावरून काय ओळखायचं?

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळतंय: रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा देताना येत असेल तर व्हॉल्व्हचे सील, रेस देताना सतत येत असेल तर रिंगा. थंडीत सुरुवातीला येऊन विरणारा पांढरा धूर निव्वळ पाण्याची वाफ असते.

रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो.

आधी सायलेन्सर आणि हेडमधलं पॅकिंग बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्येच पेटतं. पॅकिंग ठीक असेल तर स्लोचं मिश्रण पातळ आहे.

सगळं तपासलं, इंजिन छान आवाज देतं, पण गाडी ओढत नाही.

मधल्या स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा, मग पुढचंही. ब्रेक घासत असतील तर कितीही ट्यूनिंग करा, उपयोग नाही. मग क्लच: वरच्या गिअरमध्ये एकदम रेस दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. क्लचच्या केबलला थोडा ढिलेपणा आहे ना तेही बघा, ताणलेली केबल चांगल्या प्लेटा जाळते.

टायमिंग मागे असेल तरही गाडी मेल्यासारखी ओढते आणि सायलेन्सर नेहमीपेक्षा जास्त तापतो.

माझी टू-स्ट्रोक आहे. काय वेगळं?

टॅपेट नाहीत, बाकी बरंचसं तेच. दोन गोष्टी खास. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्ट कार्बनने भरतात आणि गाडीचा श्वास कोंडतो. पोर्टमधला कार्बन लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या पट्टीने खरवडा, पिस्टन पोर्ट झाकेल इतका वर ठेवून, म्हणजे तुकडे आत जात नाहीत.

दुसरी गोष्ट क्रँकचे सील. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि स्लो आपोआप चढतो. गिअरच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं, पांढरट दाट धूर निघतो आणि गिअर ऑइल कुठेही न गळता कमी होत जातं. हे दिसल्यावर कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसू नका. पातळ मिश्रणात पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचतं आणि पिस्टन जाम होतो.

फिल्टर काढून टाकला तर गाडी जास्त पळते. तसाच ठेवू?

फिल्टर काढून सुधारली म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, ही माहिती कामाची आहे. चोक पूर्ण बंद होतोय का, नीडलची क्लिप बरोबर खाचेत आहे का, फ्लोट बाऊलमधली पेट्रोलची पातळी जास्त आहे का, फिल्टरच तुंबलाय का ते बघा. मग फिल्टर परत बसवा. धूळ ऑइलमध्ये मिसळली की रिंगा आणि बोअर घासायला वेळ लागत नाही.

इंजिन खोलायचं कधी?

ऑइल टाकून कॉम्प्रेशन वाढतं, निळा धूर सतत येतो आणि ऑइल भराभर कमी होतं, हे तिन्ही एकत्र दिसले तर. खालून खोल, जड ठोका येत असेल आणि रेस देताना वाढत असेल तर ताबडतोब, गाडी न चालवता. बाकी कुठल्याही कारणाने हेड उतरवण्याआधी प्लगची कॅप पिळून काढा आणि तांब्याचा रंग बघा.